मागची डावी जागा

मला बघायला येणारी माणसं सकाळी दहाला पोचणार होती. ती आली साडेबारा वाजता. "टायर बसलो," असं मुलाच्या मामांनी खळ्यात, म्हणजे अंगणात, पाय ठेवताठेवताच सांगितलं आणि आमच्या बाबांनी ते खरं मानलं. न मानण्यासारखं त्यात काही नव्हतंच. कणकवलीकडून मालवणला मोटारीने यायचं तर टायर वाटेत एकदा बसणार, हे आम्ही सगळेच धरून चालत असू.

गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता. मी एकोणीस वर्षांची होते. अकरावी पास होऊन गावातल्याच मुलींच्या शाळेत शिकवायला लागून मला सहा महिने झाले होते. बाबा कचेरीत कारकून होते. आमचं घर गावातल्या भरड या भागापासून समुद्राकडे उतरणाऱ्या एका पाणंदीत होतं. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि मधून जेमतेम एक मोटार जाईल एवढी वाट. मोटार यायचीच क्वचित, त्यामुळे आली की शेजारपाजारच्या बायका गडग्यावरून डोकावत. त्या दिवशी टॅक्सीवाल्याने गाडी डाव्या बाजूच्या गडग्याला इतकी चिकटवून उभी केली, की आमच्या शेजारीण काकूंनी आईला हाक मारून सांगितलं, "अगो, त्येका सांग, पत्रो घासात." टॅक्सीवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आली तीन माणसं. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा कणकवलीच्या पलीकडच्या एका गावात मास्तर होता. त्याचे वडील दम्याने घरीच असत, म्हणून बोलणी करायला मामा. त्यांच्या कपाळावर रुमाल बांधलेला होता आणि रुमालाला रक्त लागलं होतं. "वाटेत आंब्याची फांदी लागली," ते म्हणाले. मग काय, सगळं घर त्यांच्याभोवती. आईने हळद आणली, बाबांनी स्वतः रुमाल सोडला, जखम धुतली. मामा "काय नाय हो, काय नाय" म्हणत होते, पण मान पुढे करून बसले होते. मी हे माजघराच्या दाराआडून बघत होते, कारण मला अजून बाहेर बोलावलेलं नव्हतं.

मुलाच्या आईकडे त्या गडबडीत कुणाचंच लक्ष गेलं नाही. त्या सावकाश पायऱ्या चढल्या. बारीक अंगाच्या, नऊवारी नेसलेल्या, कपाळावर मोठं कुंकू. डावं कोपर त्यांनी कमरेशी घट्ट धरलं होतं. मला वाटलं, त्यांच्या काखेत काहीतरी पुडकं असावं. पुडकं नव्हतं.

पोहे घेऊन मी बाहेर गेले. मामांनी विचारायचे ते प्रश्न विचारले. रांधायला येतं का, शिवण येतं का, लग्नानंतर नोकरी सोडणार का. मुलगा जमिनीकडे बघत होता. लाजतोय असं मला वाटलं. एकदाच त्याने वर बघितलं, पण माझ्याकडे नाही, आईकडे. त्यांनी पोह्यांची बशी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"खावा ना," माझी आई म्हणाली.

"माका उपास आसा."

त्या दिवशी सोमवार नव्हता, चतुर्थी नव्हती, काहीच नव्हतं. आईचा चेहरा पडला. आमच्या घरचं खायचं नाही, म्हणजे मुलगी पसंत नाही, असंच तिने धरलं असणार. पण लगेच त्या म्हणाल्या, "चेडवाबरोबर मी वायच भितर बसतंय. तुमी बापयमाणसा बोलत ऱ्हवा."

मधल्या खोलीत आल्यावर त्यांनी आधी दार लोटायला सांगितलं. मी चटई घातली. त्या आडव्या झाल्या आणि दुसऱ्याच क्षणी कळवळून उठून बसल्या.

"काय झाला?"

"खांदो दुखता गो. डावो. आडवी झालंय की जास्त दुखता."

"पडलात काय खंय?"

"नाय गो. पडाक नाय."

मी खोबरेल तेल आणलं आणि खांदा चोळायला घेतला. मला तो खांदा अजून डोळ्यांपुढे दिसतो, कारण त्यावर काहीही नव्हतं. ना सूज, ना खरचटल्याची रेघ. हात लावला तरी त्या 'हाय' करत नव्हत्या. दुखणं खांद्यात होतं, पण खांद्याला काही झालेलं नव्हतं. मला ते विचित्र वाटलं. तेवढंच वाटलं.

"आईक हाक मारू?" मी विचारलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. "भायर सांगा नको. बघूक इली आणि आडवी पडली, असा नको होवक. माझ्या झीलाक दोनदां नकार इलो हा. एकदां पत्रिका, एकदां घरात दुखणाईत माणूस म्हणान." मग जरा श्वास घेऊन म्हणाल्या, "तू माका आवडलंस. तुझ्या हाताक माया आसा."

हे मी आज इतक्या वर्षांनी लिहितेय तर नीट लिहिते. मी गप्प बसले ते काही फक्त त्यांनी सांगितलं म्हणून नाही. मला आनंद झाला होता. माझ्यासाठीही याआधी दोन ठिकाणची माणसं पोहे खाऊन गेली होती आणि पुढे काही झालं नव्हतं. आणि इथे मुलाची आई स्वतः माझा हात धरून आवडलंस म्हणत होती. त्यांची आणि माझी एक गुप्त गोष्ट झाली होती. मला ती मोडायची नव्हती.

त्यांनी पाणी मागितलं. लोटीभर प्यायल्या. पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा माझ्याशी शाळेबद्दल बोलत होत्या, मुली किती, कुठली इयत्ता, आणि बोलताबोलता मध्येच थांबत होत्या. ओठ पांढरे दिसत होते. बाहेर मामांचं हसणं ऐकू येत होतं. कुणकेश्वरच्या जत्रेला कधी निघायचं यावर बाबांचं आणि त्यांचं बोलणं रंगलं होतं. अर्धा तास गेला असेल. घागर संपली म्हणून मी मागच्या दाराने विहिरीवर गेले.

आमची विहीर पाणंदीच्या गडग्याला लागून होती. मी राजू, म्हणजे विहिरीचा दोर, टाकून घागर वर ओढली, आणि ती काठावर ठेवताना गडग्यावरून माझी नजर पलीकडे गेली. टॅक्सीची डावी बाजू अगदी खाली, समोरच होती.

मागचं दार आत गेलेलं होतं. घासलेलं नव्हे, आत गेलेलं. परातीतल्या कणकेवर मूठ मारावी तसा पत्र्याला खोल खळगा पडला होता. खिडकीला काच नव्हती. आत सीटची डावी कड दारानेच रेटून वर उचलली गेली होती. मागच्या चाकावरचा पत्रा दुमडून चाकाला टेकला होता. आणि टॅक्सीवाला उजव्या दाराने आत वाकून सीटवरचे काचेचे तुकडे एकेक करून वेचत होता.

"काय झाला ह्या?" मी ओरडलेच.

तो दचकून उभा राहिला. "बाये, माका इचारू नको. मामांनी सांगल्यानी हा, बोलूचा नाय."

"हयसर कोण बसलेला? ह्या दाराकडे?"

तो हातातले तुकडे बघत राहिला. मग म्हणाला, "झीलाची आवस." मुलाची आई.

घागर तिथेच राहिली. मी धावत पुढच्या पडवीत आले. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर नवऱ्या मुलीने धावत येऊन उभं राहायचं आणि तोंड उघडायचं, ही त्या वेळी कल्पनेबाहेरची गोष्ट होती. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की एरवी मी तिथेच विरघळले असते.

"गाडयेक अपघात झालो हा," मी म्हणाले. "मागचा दार पूर्ण आत गेला हा. ह्यांची आई थंय बसलेली. त्यांका आत बरा नाय."

"भितर जा तू," बाबा म्हणाले.

"बाबा, आधी दार बघा."

मामा हसल्यासारखं करत उठले. "काय विशेष नाय हो, वायच घासली. आमी म्हटला, शुभ कामाक इलो, अपघाताचा कशाक काढूचा..."

मुलगा एकदम उभा राहिला. तोपर्यंत मी त्याचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता. "घासली नाय," तो म्हणाला. "लॉरयेन ठोकल्यान. कसालाक. आवशीच्या बाजूक." आणि तो माझ्या बाजूने वाट काढत सरळ आत गेला.

त्याची आई उठून उभी राहायचा प्रयत्न करत होती. बाहेरचा आवाज त्यांनी ऐकला असणार. एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हाताने त्या निऱ्या सारख्या करत होत्या. चेहरा राखेसारखा झाला होता, आणि घामाने कुंकू नाकावर उतरलं होतं. "काय नाय रे," त्या म्हणाल्या, "चल, जावया आता." आणि मुलाच्या अंगावर कोसळल्या.

मला बघायला आलेलं माणूस माझ्या घरात, मी घातलेल्या चटईवर मरायला टेकलंय, आणि मी त्यांना अर्धा तास तेल चोळत बसले होते, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

त्यांना उचलून त्याच टॅक्सीतून बाजारपेठेतल्या दवाखान्यात नेलं. आमचे डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी नाडी बघितली, पोटावर हात ठेवला आणि हात उचलायच्या आत त्यांचा चेहरा बदलला. "कधी झालं?" त्यांनी विचारलं. मुलाने सांगितलं, दहाच्या आधी. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दीड वाजून गेला होता. "आत रक्तस्राव होतोय. पोट उघडायला हवं आणि इथे ती सोय नाही. वेंगुर्ल्याला न्या. आत्ता. पाणी देऊ नका." त्यांनी एक इंजेक्शन दिलं. दुसरी गाडी शोधायला वेळ नव्हता. त्याच टॅक्सीचा चाकावर टेकलेला पत्रा लोकांनी पहारीने मागे ओढला.

मामांना एसटीने घरी कळवायला पाठवलं. बाबा टॅक्सीत पुढे बसले. मी गेले, कारण त्या माझा हात सोडत नव्हत्या, आणि दुसरं बाईमाणूस बरोबर नव्हतं. माझ्या आईला घरी उंबऱ्यातच भोवळ आली होती. डावं दार उघडतच नव्हतं, म्हणून त्यांना उजवीकडून आत घेतलं. मी उजव्या कडेला बसले, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. पाय त्या आत आलेल्या दारापर्यंत पोचत होते, म्हणून गुडघ्यात मुडपून ठेवले. मुलगा खाली, सीटच्या पुढच्या फटीत उकिडवा बसला.

मालवण ते वेंगुर्ला सरळ वाट तेव्हा नव्हती. मधे खाडी. कसालला जाऊन, कुडाळवरून खाली उतरायचं. लाल मातीचा रस्ता, खड्डे. प्रत्येक खड्ड्याला त्या डोळे उघडत आणि माझ्याकडे बघत. कट्टा गावापर्यंत अधूनमधून बोलत होत्या. "चाय घेतल्यात मा सगळ्यांनी?" असं एकदा विचारलं. पाणी मागत होत्या आणि आम्ही देत नव्हतो. मुलगा ओल्या फडक्याने ओठ पुसायचा, तर त्या फडकंच चोखायच्या. ते बघवत नव्हतं. शेवटी त्याने तोंड फिरवलं आणि फडकं मी घेतलं.

कसालच्या तिठ्यावर काचा अजून पडलेल्या होत्या. टॅक्सीवाल्याने तिथे गाडी हळू केली, उगाचच, आणि पुन्हा जोरात घेतली.

ओरस यायच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "काळोख झालो काय गो?"

दुपारचे तीन वाजले होते. उघड्या खिडकीतून ऊन त्यांच्या तोंडावर पडत होतं.

"नाय," मी म्हणाले. "ऊन आसा."

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. कधी गेल्या ते मला कळलं नाही. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला कळलं नाही. मुलाने "आये, आये" म्हणून हलवलं, मग माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. टॅक्सीवाल्याला आरशात दिसलं असावं. त्याने गाडी एका काजूच्या झाडाखाली घेतली, खाली उतरला आणि डोकं धरून जमिनीवर बसला. बाबा नुसते "अरे देवा, अरे देवा" म्हणत राहिले. दोन तासांपूर्वी आमच्या पडवीत सोयरीक जुळत होती.

कुडाळला पोलिसांत जबाब झाले. सकाळी नेमकं काय घडलं ते मी तिथे पहिल्यांदा नीट ऐकलं, कारण मुलगा बोलत होता त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला मी बसले होते. कचेरीच्या शुद्ध मराठीत, वर्गात सांगावं तसं तो सांगत होता. कणकवलीकडून येताना कसालला मालवणसाठी उजवीकडे वळायचं. वळण घेताना टॅक्सी आडवी झाली आणि कुडाळकडून येणाऱ्या चिऱ्यांच्या लॉरीने डाव्या बाजूला, मागच्या दारावर धडक दिली. गाडी अर्धी फिरली. मामांचं कपाळ पुढच्या दाराच्या खांबावर आपटलं, रक्त आलं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, मला काही झालं नाही. लॉरीवालाही उतरून बघून गेला. लॉरीचा नंबर कुणी घेतला नाही. गाडी पुन्हा चालती करण्यातच दीड तास गेला.

"मग तुम्ही डॉक्टरकडे का गेला नाहीत?" हवालदाराने विचारलं.

"आई नको म्हणाली. मामाही म्हणाले, मुलीकडे पोचायला उशीर होतोय, आणि अपघात झालेला सांगितला तर ते लोक अपशकुन मानतील. टायर बसला असं सांगायचं ठरलं."

"आईच्या शेजारी कोण होतं?"

"मी. आईला गाडी लागते म्हणून ती खिडकीशी. पलीकडे उजवीकडे नारळ आणि साखरेच्या पुड्यांची करंडी होती, ती कलंडू नये म्हणून मी सरकून मधे बसलो होतो. धडक बसली तशी आई दारावर गेली आणि मी तिच्यावर. माझं कोपर तिच्या बरगडीत गेलं. मला जाणवलं ते."

हवालदाराचा टाक थांबला. "हे लिहू?" त्याने विचारलं.

"लिहा," तो म्हणाला.

बाबांनी माझा दंड धरून मला बाहेर नेलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, शाळा सुटल्यावर मी कुणाला न सांगता डॉक्टरांकडे गेले. दवाखान्यात गर्दी नव्हती. मी त्यांना सरळच विचारलं, अर्धा तास आधी मी सांगितलं असतं तर?

औषधाच्या पुड्या बांधायच्या कागदावर त्यांनी पेन्सिलीने मोटार काढली, लहान मुलं काढतात तशी. "समोरून आदळली तर माणसाच्या पुढे एवढं इंजिन असतं. मागून आदळली तर डिकी असते. ते चेपतं आणि माणसाला थोडी फुरसत मिळते. बाजूला काय आहे? वीतभर जागा आणि एक पत्रा. मागच्या सीटवर दाराशी बसलेल्या माणसाला लॉरी जवळजवळ थेटच लागते. डाव्या बाजूला बरगडीखाली प्लीहा असते. नाजूक असते. फाटली तर वरून काही दिसत नाही, आत रक्त जमत राहतं. माणूस चालतं, बोलतं, पायऱ्याही चढतं." मग त्यांनी विचारलं, "शेजारी कोण बसलं होतं?"

मी सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "एका बाजूनं दार आणि दुसऱ्या बाजूनं हे," ते स्वतःशीच म्हणाले. "त्या मुलाला हे कुणी सांगू नका."

"त्यांना ठाऊक आहे," मी म्हणाले. आणि मग का कोण जाणे, म्हटलं, "पण त्यांच्या आईचं पोट नव्हतं दुखत. खांदा दुखत होता. डावा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "खांदा? तुला म्हणाल्या? आडवं झाल्यावर जास्त?"

"हो."

"आणि खांद्याला मार नव्हता?"

"नव्हता."

"अगं मुली," ते म्हणाले. "तेच तर. पोटात रक्त वर चढलं की डावा खांदा दुखतो. तीच खूण असते ती. हे तू मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

मी त्या दिवशी दवाखान्यात त्यांच्यासमोर वीस मिनिटं उभी होते. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं, आणि मी होऊन काही सांगितलं नव्हतं. माझी समजूत अशी होती की दार आत गेलं हे महत्त्वाचं, खांदा हे किरकोळ. डॉक्टरांनी मला बाकावर बसवलं. मग ते म्हणाले, "सांगितलं असतंस तरी वेंगुर्लं तेवढंच लांब होतं. अर्ध्या तासाने काय झालं असतं, मला खरंच सांगता येत नाही. खोटं सांगून तुला बरं वाटेल असं मी करणार नाही." त्यांच्या त्या खरेपणाचा तेव्हा मला राग आला.

सोयरीक अर्थातच बारगळली. मामांचं एक कार्ड आलं, दोन ओळींचं. गावात बोलणारे बोलले. मुलगी बघायला आलेली बाई मुलीच्याच मांडीवर गेली, हे सांगितलं की पुढचं सांगायची गरजच पडत नसे. तीन वर्षं आमच्या पायरीवर कुणी आलं नाही. मला त्याचं दुःख झालं का? थोडं झालं. पण त्या तीन वर्षांत पोहे घेऊन बाहेर जायचं नाही याचं हायसंच जास्त वाटलं. मी शिकवत राहिले, ट्रेनिंग केलं. पुढे माझं लग्न झालं ते देवबागच्या एका मास्तरांशी. त्यांना ही सगळी हकीकत मी आधीच सांगितली होती.

लग्नानंतरच्या वर्षी कणकवलीच्या एसटी स्टँडवर त्या दिवशी बघायला आलेला तो मुलगा मला भेटला. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. बरोबर बायको होती. ती थोडी लांब सामानापाशी उभी होती आणि त्याच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. त्याने नमस्कार केला, तब्येत विचारली, माझ्या बाबांची चौकशी केली. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "एक विचारू? रागावू नका. त्या दिवशी आई तुमच्याबरोबर आत होती. ती काय बोलली?"

मी तेव्हा टाळू शकले असते. शाळेबद्दल बोलल्या, असं म्हणू शकले असते. तेही खरंच होतं. पण मी सगळं सांगितलं. खांदा, तेल, पाणी, बाहेर सांगू नको म्हणाल्या ते, आणि मी नाही सांगितलं ते.

"किती वेळ?"

"अर्धा तास."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मुलगी त्याच्या शर्टाचं बटण ओढत होती, त्याचं लक्ष नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या.

"खांदा," तो शेवटी म्हणाला. "कसाल सोडल्यावर मलाही म्हणाली होती, खांदा दुखतोय. मी म्हटलं, माझं वजन पडलं म्हणून असेल. मी लांब सरकून बसलो." त्याने मुलीचा हात बटणावरून काढला. "आणखी काही बोलली?"

"मी आवडले म्हणाल्या."

हे ऐकून त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं मी भलतंच काहीतरी बोलून गेले. "मला नाही सांगितलं," तो म्हणाला. "पोचेपर्यंत गाडीत एवढंच म्हणत होती, ह्या घरी जुळू दे. मला वाटायचं, निदान मुलगी मनासारखी आहे एवढं तरी तिला कळलं की नाही, कोण जाणे."

त्यांची गाडी लागली. बायकोने हाक मारली. त्याने मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि गाडीकडे गेला. माझी मालवणची गाडी त्यानंतर आली. कंडक्टरने दोनदा विचारलं, "बाई, येतंत मा?" मला चढवेना. ती गाडी मी सोडली आणि तासभर तिथल्याच बाकावर बसून राहिले.